ठिपका पडण्याआधी

माझं काम रस्त्यांचं आहे. पुण्यातल्या चौकांवरचे अपघात वाचायचे, ते नकाशावर मांडायचे आणि त्या जागेचा आराखडा असा बदलायचा की तिथे पुन्हा कोणाचा जीव जाऊ नये. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली आणि १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ७४,८९७ माणसं दुचाकीवर होती, ३२,८२५ पायी चालत होती. महाराष्ट्राचा वाटा १५,२२४. दर वर्षी हे आकडे छापून येतात, दोन दिवस हळहळ होते आणि विषय मागे पडतो. आमच्या टेबलावर मात्र प्रत्येक आकड्याला पत्ता शोधावा लागतो: कोणता चौक, कोणता कोपरा, बसथांब्यापासून किती पावलं. उपनगरातल्या अशाच एका चौकात आणि त्या चौकासाठी गेलेला हा एक दिवस. चौकाचं नाव मुद्दाम देत नाही. तसे चौक या शहरात जागोजागी आहेत आणि मला त्या सगळ्यांबद्दलच बोलायचं आहे.

सकाळी ६.१५

पहिलं काम वेग मोजण्याचं, आणि ते भल्या सकाळीच उरकावं लागतं. गर्दीत गाडीचा वेग पुढची गाडी ठरवते. मोकळ्या रस्त्यावर तो रस्ताच ठरवतो: रुंदी किती, वळण किती ऐसपैस, समोर किती लांबवर दिसतं. मी आणि माझा सहकारी स्पीड गन घेऊन रिक्षा स्टँडच्या आडोशाला उभे राहतो. गन दिसली की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि नोंद फसते. निदान शंभर गाड्यांचे वेग उतरवून घ्यायचे. नुसती सरासरी आम्हाला पुरत नाही. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग धरून आम्ही पुढचा हिशेब मांडतो.

धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात आठ-साडेआठ मीटर पुढे सरकते आणि कोरड्या रस्त्यावर एकूण तेरा-चौदा मीटरांत थांबते. ५०च्या वेगाला हेच अंतर अठ्ठावीस मीटरांच्या घरात जातं, ६०ला छत्तीस-सदतीस. म्हणजे ३०ने आलेली गाडी जिथे थांबून उभी राहिलेली असते, तिथे ५०ने आलेल्या गाडीचा ब्रेक जेमतेम लागायला सुरुवात झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोटारीचा वेग ५०वरून ६५वर गेला, तर समोरून धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. सरासरी वेग एका टक्क्याने वाढला, तरी जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेने पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ७० आणि दुचाकींना ६०पर्यंतची कमाल मर्यादा दिली. स्थानिक पातळीवर ती खाली आणता येते. शाळा, दवाखाना, बाजार, बसथांबा असलेल्या रस्त्यावर ती ३०वर आणलीच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे. पण तेवढ्याने भागत नाही. रुंद, सरळसोट रस्त्यावर ३०चा फलक लावला, तर चालकाचा पाय फलकाचं ऐकत नाही, रस्त्याचंच ऐकतो.

सकाळी ७.३०

शाळेची वेळ. आता गन पिशवीत जाते आणि वही बाहेर येते. कोण कुठून रस्ता ओलांडतं, कुठे थबकतं, कुठून मागे फिरतं, हे आम्ही चौकाच्या आराखड्यावर रेषा ओढून टिपतो.

इथला बसथांबा झेब्रा क्रॉसिंगच्या अगदी अलीकडे आहे. बस थांबली की तिचं तोंड झेब्र्याला टेकतं. माणसं उतरतात आणि बसच्या पुढून, झेब्र्यावरूनच, समोरच्या शाळेकडे निघतात. कोणीही नियम मोडत नाही. त्याच वेळी बसच्या मागून आलेली दुचाकी उजवीकडून पुढे काढते. तिला बसच्या पुढचा माणूस दिसत नाही आणि माणसाला ती दिसत नाही.

नातीचं दप्तर खांद्याला लावलेल्या एका आजींना विचारलं, "आजी, बस गेल्यावर ओलांडलं तर नाही का चालणार?"

"बस गेली की मागची समदी वाहनं भरधाव येत्यात बघ," त्या म्हणाल्या. "बस हुबी हाय तवर एक बाजू तरी बंद असती. तेवढाच आडोसा."

त्यांचं बरोबर होतं. रुंद रस्त्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक तरी बसमुळे अडलेला असतो, म्हणून त्या दुसऱ्या पट्ट्यातला धोका पत्करत होत्या. पायी चालणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याआधी त्याने मनात केलेला हा हिशेब ऐकून घ्यायला हवा.

बस निघून गेल्यावर, ती जिथे उभी होती तिथे रस्त्यावर खडूने चौकोन आखला. पुढची बस आली तेव्हा तिच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याशी मी गुडघ्यांवर बसले, दुसरीतल्या मुलाच्या उंचीला, आणि मागे पाहिलं. पत्र्याशिवाय काही दिसेना. डोकं बाहेर काढल्यावर मागून येणारी पहिली दुचाकी दिसली ती चार-पाच मीटरांवर. ताशी ४०ने येणाऱ्या गाडीला थांबायला वीसेक मीटर लागतात. इतक्या जवळ आल्यावर चालक कितीही सावध असो, त्याच्या हातात काही उरत नाही.

परतताना कोपऱ्याकडे नजर टाकली. डांबरावर, डाव्या वळणाच्या आतल्या बाजूला, बारीक मातीचा थर साचलेला होता. चाकं जिथून कधी जात नाहीत, तिथेच धूळ साचते. गाड्यांना न लागणारी जागा किती, ते ती धूळ आखून दाखवते, आणि तेवढी जागा फुटपाथला देता येते. कर्बच्या दगडावर वेगवेगळ्या रंगांचे ओरखडे होते आणि गटाराच्या जाळीत फुटलेल्या इंडिकेटरचे केशरी तुकडे अडकले होते. या धडका कुठल्याही दप्तरात नाहीत. कोणाला फारसं लागलं नाही, चार शब्द झाले आणि दोघं आपापल्या वाटेने गेले. आम्ही तुकड्यांचे फोटो काढतो आणि जागा नोंदवतो.

सकाळी १०.००

पोलीस ठाण्यात हवालदारांनी फायली काढून ठेवलेल्या असतात. "मॅडम, आधी चहा घ्या, मग वाचा. चहाशिवाय हे वाचवत नाही," असं ते दर वेळी म्हणतात आणि मी दर वेळी चहा घेते.

पंचनामा संथपणे वाचावा लागतो. घटनास्थळाची दिशा, रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा किती लांब, गाडीचं तोंड कुठे, चप्पल कुठे पडली, दिवा चालू होता की बंद. बरोबर हाताने काढलेला नकाशा असतो. गुन्ह्याची कलमं आता भारतीय न्याय संहितेची लागतात: बेदरकारपणे वाहन चालवण्याला २८१, हयगयीने मृत्यू घडवण्याला १०६. १ जुलै २०२४च्या आधीच्या फायलींत भारतीय दंड विधानाची २७९ आणि ३०४अ आहेत. पोलिसांना आरोपी निश्चित करायचा असतो. ते त्यांचं कर्तव्य आहे आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा तो हक्क आहे. आम्ही त्याच कागदांत दुसरं काही शोधतो: वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदींत तेच ते काय येतं? नावं आम्ही उतरवून घेत नाही. वय, वेळ, दिशा, हालचाल, वाहन, प्रकाश, पाऊस, एवढंच घेतो.

एका फायलीतल्या नकाशात अंमलदाराने पेनाने एक लांबट चौकोन काढला होता. त्यात 'बस' एवढंच लिहिलेलं. चौकोनाच्या पुढे फुली, आणि मागून येऊन फुलीपाशी वळणारा बाण. पंचनाम्याच्या मजकुरात बसचा उल्लेख एका ओळीपुरता होता, कारण बसची धडक बसलेली नव्हती. गुन्हा दुचाकीस्वारावर दाखल झालेला. मी दुसरी फाईल उघडली. तिथेही जखमी बसमधून उतरलेला. तिसऱ्या फायलीत बसचा उल्लेख नव्हता, पण वेळ शाळेची होती आणि फुली त्याच जागी.

"पंचनाम्याला गेलं की समोरचा टपरीवाला म्हणतोच, साहेब, परत तिथंच," हवालदार म्हणाले. आमच्या वहीत साक्षीदाराचा रकाना नाही, तरी ते वाक्य मी समासात लिहून ठेवलं.

आता नोंदी मोबाइलवर होतात. आयआयटी मद्रासने आखलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने राबवलेली एकात्मिक रस्ता अपघात माहिती प्रणाली, म्हणजे 'आयरॅड', सुरुवातीला सहा राज्यांत आली. महाराष्ट्र त्यांतलं एक. अंमलदाराने जागेवर उभं राहून नोंद केली की अक्षांश-रेखांश आपोआप जातात. पूर्वी "अमुक चौकाजवळ" एवढ्या पत्त्यावर काम भागवावं लागे आणि ते 'जवळ' तीनशे मीटरही असू शकत होतं. तरी एक काळजी घ्यावीच लागते. घटनास्थळी धावपळ झाली आणि नोंद ठाण्यात येऊन भरली, तर ठिपका ठाण्याच्या आवारात पडतो. म्हणून प्रत्येक ठिपका आम्ही पंचनाम्यातल्या नकाशाशी ताडून पाहतो.

पोलिसांकडची नोंदही पूर्ण नसते. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत दगावलेला माणूस अपघाती मृत्यूंत धरला जातो. पण पहिल्या दिवशी 'जखमी' लिहिलेला माणूस विसाव्या दिवशी दुसऱ्या इस्पितळात गेला, तर ते दप्तरात उतरवायला कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो. हाड मोडून घरी बसलेले कितीतरी जण ठाण्याची पायरीच चढत नाहीत. म्हणून इस्पितळांच्या आणि १०८ रुग्णवाहिकेच्या नोंदी जोडून पाहाव्यात, असा आमचा आग्रह असतो. एकाच चौकाची दोन्हींकडची संख्या शेजारी ठेवली की पोलिसांच्या नकाशावर स्वच्छ दिसणारा रस्ताही जखमी निघतो.

दुपारी १२.००

कार्यालयात आल्यावर चौकाचा टक्कर-आराखडा बनतो. मोठ्या कागदावर चौक काढायचा आणि प्रत्येक अपघातासाठी दोन बाण: कोण कुठून आलं, कुठे भिडलं. बाणापाशी वेळ आणि प्रकाश. संगणकावर हे झटपट होतं, पण पहिला आराखडा मी हातानेच काढते. बाण ओढताना हात त्याच जागी परत परत गेला की काय चुकतंय ते तक्त्याच्या आधी कळतं.

राष्ट्रीय महामार्गांसाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाने ब्लॅकस्पॉटची व्याख्या केली आहे. सुमारे ५०० मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅकस्पॉट. पैसा आणि माणसं कुठे आधी लावायची हे ठरवायला अशी मोजपट्टी हवीच. नवले पुलाचं उदाहरण सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा लांब उतार, त्यावर ब्रेक तापलेली अवजड वाहनं आणि खाली शहराची गर्दी. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका वाहनाने जवळजवळ पन्नास गाड्यांना धडक दिली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

पण शहरातले बहुतेक मृत्यू एकेकटे येतात. या चौकात एक, पुढच्या चौकात एक, दोन वर्षांनी तिसऱ्या ठिकाणी एक. प्रत्येक जागा मोजपट्टीच्या खालीच राहते. शिवाय यादीत येण्यासाठी त्या जागेला आधी माणसं गमवावी लागतात. मला या पद्धतीत सगळ्यांत जास्त खुपतं ते हेच. मृत्यू ही आपल्याकडची सगळ्यांत महाग माहिती आहे. ती एकदा हाती आली, तर तिचा उपयोग त्याच चौकापुरता करून थांबणं हा त्या माणसावर अन्यायच आहे. जो आकृतिबंध इथे सापडला, तो आणखी कुठे कुठे आहे हे शोधून, तिथे कोणी मरण्याआधी पोचायला हवं.

असं करता येतं याचा दाखला आपल्या दाराशीच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं दगावली होती. सेव्हलाइफ फाउंडेशन, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून 'शून्य मृत्यू कॉरिडॉर'चं काम हाती घेतलं. अपघातांच्या तपासातून तीच ती कारणं वर आली: काँक्रीटच्या उघड्या कडा, संरक्षक कठड्यांमधल्या फटी, कडेला उभी केलेली वाहनं. ती कारणं पूर्ण मार्गावर शोधून दूर करत गेले आणि काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले.

दुपारी १.४५

डबा खाताना चौकाचा विषय काढायचा नाही, असा आमचा नियम आहे. पाळला जात नाही. आज सहकाऱ्याने पोळी मोडता मोडता विचारलं, "थांबा झेब्र्याच्या पलीकडे नेला तर?" आणि सगळे डबे बाजूला सरकवून आम्ही आराखडा पुढ्यात ओढला.

दुपारी २.३०

हीच आजच्या आराखड्याची मुख्य दुरुस्ती. थांबा चौकाच्या अलीकडून उचलून चौक ओलांडल्यावर न्यायचा. मग उतरलेला माणूस बसच्या मागून ओलांडतो, झेब्रा बसच्या पाठीशी येतो आणि दोन्ही पट्ट्यांतल्या चालकांना तो लांबून दिसतो. खर्च म्हणाल तर एक शेड हलवण्याचा.

दुसरी दुरुस्ती कोपऱ्याची. इथलं डावं वळण इतकं गोलसर आहे की गाडी वेग न उतरवता वळते आणि 'फ्री लेफ्ट'मुळे ती कधी थांबतच नाही. सकाळच्या धुळीच्या रेषेवरून नवा कर्ब आखला, तर वळण आवळतं, गाडीला हळू व्हावं लागतं आणि ओलांडण्याचं अंतरही काही पावलांनी घटतं. बारा मीटर लांबीची बस वळेल की नाही, ते तिच्या चाकांचा माग काढून तपासलं. बस वळते, फक्त चालकाला वेग कमी करावा लागतो, आणि आम्हाला तेच हवं आहे.

तिसरी दुरुस्ती झेब्र्याची. तो फुटपाथच्या उंचीला उचलायचा, म्हणजे चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीला पायरी लागत नाही आणि गाडीला तो उंचवटाही होतो. दुभाजकात थांबायला पुरेशी रुंद जागा ठेवायची, म्हणजे आजींना एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सांभाळावी लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसची मानकं यासाठी हाताशी आहेत. पादचाऱ्यांसाठीच्या आयआरसी १०३मध्ये फुटपाथवर चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरांच्या आत, असं म्हटलं आहे. गतिरोधक हवाच असेल, तर आयआरसी ९९मधला ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा. गल्लोगल्ली दिसणारे अरुंद, टोकदार उंचवटे दुचाकीस्वाराला पाडतात. ते सुरक्षेचं काम नाही.

चौथी दुरुस्ती सिग्नलच्या सेकंदांची. पायी चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने वीस सेकंद लागतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला वीस पुरत नाहीत. दुभाजकात थांबायला जागा दिली, तर अंतर निम्मं होतं. शिवाय गाड्यांचा हिरवा दिवा लागण्याच्या तीन ते सात सेकंद आधी पादचाऱ्यांचा लावायचा. गाड्या सुटेपर्यंत माणसं झेब्र्यावर काही पावलं पुढे गेलेली असतात आणि वळणाऱ्या चालकाला ती समोर दिसतात.

दुपारी ४.००

बैठकीला पालिकेचे अभियंते, वाहतूक शाखेचे अधिकारी, बससेवेचे प्रतिनिधी, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि कोपऱ्यावरचे दुकानदार. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ त्याच विचारातून आला. त्यामुळे पायी चालणाऱ्याला आधी जागा, हे तत्त्व इथे कोणाला पटवावं लागत नाही. प्रश्न असतात ते प्रत्यक्षातले, आणि ते रास्त असतात.

"थांबा पुढे गेला तर माझ्या दुकानासमोर गर्दी होईल, ताई," एक काका म्हणाले. शेडची जागा चार मीटर सरकवून त्यांचं प्रवेशद्वार मोकळं ठेवलं. वाहतूक अधिकाऱ्यांनी विचारलं, डावं वळण आवळलं तर मागे रांग लागेल का? लागेल, गर्दीच्या तासाला थोडी लागेल. ते मी आडवळणाने सांगितलं नाही. काही सेकंदांचा उशीर आणि एका मुलाचा जीव, या दोहोंत शहराने काय निवडायचं ते टेबलावर उघड मांडून ठरवावं, एवढंच म्हटलं. मुख्याध्यापिकांनी लगेच हात वर केला. पाठोपाठ अधिकाऱ्यांनीही मान डोलावली.

कोणीतरी नेहमीचा मुद्दा काढला: लोकच शिस्त पाळत नाहीत, आराखडा काय करणार? मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आलं. रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत किंवा देखभालीत सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे आराखडाही गुन्हेगार ठरू शकतो, हे कायद्याने मान्य केलं आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झीरो' स्वीकारलं तेव्हा याच विचाराला धोरणाचं रूप दिलं. माणूस चुकणारच, हे धरून रस्ता बांधायचा आणि त्याच्या चुकीची किंमत जीव असणार नाही, याची हमी बांधणाऱ्याने घ्यायची. शिस्त शिकवायला माझी ना नाही. पण दुसरीतल्या मुलीची उंची शिस्तीने वाढत नाही, आणि बसच्या पुढून तिला काही दिसत नाही ते नाहीच.

संध्याकाळी ५.३०

काँक्रीट ओतण्याआधी चाचणी घेतो. शंकू, पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे, चुन्याच्या रेषा आणि थांब्याचा तात्पुरता फलक. पोलीस उभे असतात, बसचे नियंत्रक चालकांना नव्या जागी थांबायला सांगतात. देशातल्या अपघातांची सर्वाधिक नोंद संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होते, म्हणून चाचणीही याच वेळेत.

गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून आम्ही निसटत्या वेळा मोजतो. पादचारी एका बिंदूवरून पुढे गेला आणि त्याच बिंदूवर गाडी आली, या दोहोंत किती वेळ गेला? दीड सेकंदाहून कमी असेल, तर ती गंभीर जवळीक. अशा जवळिकी मोजायला कोणी मरावं लागत नाही. एका संध्याकाळीच पुरेशा मिळतात, आणि चौकाचं दुखणं कुठे आहे ते दाखवतात.

पहिल्या काही बस जुन्या सवयीने अलीकडेच थांबल्या. मग चालकांना जागा कळली. एक बस चौक ओलांडून थांबली, सात-आठ जण उतरले आणि तिच्या मागून झेब्र्यावर आले. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने त्यांना लांबूनच पाहिलं, वेग उतरवला, पाय टेकला. त्याला कोणी शिट्टी मारली नव्हती. कोपऱ्यावरही शंकूंमुळे गाड्या सावकाश वळत होत्या.

एका संध्याकाळच्या चित्रावर मी निकाल देत नाही. बदलाआधीचे आणि नंतरचे वेग, जवळिकी, थांबलेल्या गाड्या, सगळं शेजारी मांडावं लागतं. मृत्यूंचा निकाल तर तीन वर्षांनी, आणि तोही अशाच दुसऱ्या, न बदललेल्या चौकांशी तुलना करून. एखाद्या वाईट वर्षानंतरचं वर्ष काही न करताही थोडं बरं जातंच, आणि ते श्रेय आपल्या कर्बला देणं अप्रामाणिक ठरेल.

रात्री ८.३०

दिवसातलं शेवटचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. थांब्यांची यादी आणि झेब्र्यांचा नकाशा एकावर एक ठेवायचा आणि संगणकाला विचारायचं: ज्या थांब्यावर बस झेब्र्याच्या लगेच अलीकडे उभी राहते, रस्ता एका दिशेला दोन किंवा अधिक पट्ट्यांचा आहे आणि शाळा किंवा दवाखाना जवळ आहे, असे थांबे शहरात कोणते? उत्तरात जी यादी येते, तिच्यातल्या बऱ्याच जागांवर पोलिसांच्या नकाशात एकही ठिपका नसतो. तरीही ती यादीच उद्याचं काम.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाट वस्तीच्या गावाने कोपऱ्यांवरच्या उभ्या गाड्या हटवून एकेक क्रॉसिंग मोकळं दिसेल असं केलं. २०१७नंतर वर्षानुवर्षं तिथे रस्त्यावर कोणी मेलं नाही. अपघात झालेला एखादाच कोपरा निवडून ते थांबले नाहीत, जिथे जिथे दृष्टी अडत होती तिथे ती मोकळी करत गेले. हेलसिंकीने निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३०ची मर्यादा आणली, आराखडे त्याला साजेसे केले, आणि जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षात तिथल्या रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांची वाहनं आणि रस्ते आपल्यासारखे नाहीत, दुचाकींची एवढी गर्दी त्यांच्याकडे नाही. पण बसच्या पुढून पलीकडचं न दिसणं सगळीकडे सारखंच आहे.

म्हणून रात्रीच्या टिपणात मी तीन मागण्या लिहिते. अपघाताची प्रत्येक नोंद जागेवरूनच व्हावी आणि इस्पितळाच्या नोंदीशी जोडली जावी. एका चौकात सापडलेलं कारण शहरभरच्या तशाच जागांवर तपासावं, आणि त्या यादीला ब्लॅकस्पॉटच्या यादीइतकाच निधी मिळावा. आणि नवा थांबा, नवा कोपरा, नवा सिग्नल आखताना सुरक्षेची तपासणी कागदावरच, पहिला दगड बसण्याआधी व्हावी. यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. माहिती आपल्याकडे आहे, मानकं आहेत, धोरण आहे, आणि कारण सांगून गेलेली माणसंही आहेत. त्यांनी सांगितलेलं पुढच्या चौकापर्यंत पोचवणं आपल्या हातात आहे, आणि ते आपण केलं पाहिजे.